पडदा स्वच्छ आहे

हिंदुराव पेंटरचा निळा रंग डब्यातून जसाच्या तसा कधी फळ्यावर यायचा नाही. बाजारातला निळा त्याला कच्चा वाटायचा. पत्र्याच्या थाळीत तो गडद निळा ओतायचा, त्यात पांढऱ्याची बारीक धार सोडायचा, काळ्याचा एक थेंब टाकायचा आणि काडीनं घोटत बसायचा. थेंब जास्त झाला तर थाळी पुसून पुन्हा पहिल्यापासून. कोरेगावच्या भीमनगरात जे विहार होतं, त्यातल्या बाबासाहेबांच्या चित्राचा कोट याच निळ्यातला होता. वीस वर्षं झाली तरी तो उतरला नव्हता. जयंती जवळ आली की पार विट्या-कुंडलहून माणसं त्याच्या दारात यायची. "पेंटर, कोट तेवढा तुमच्या हातचा पायजे," म्हणायची.

स्टेशन रोडला पत्र्याची आठ फुटी खोली, तेच त्याचं दुकान. हिंदुराव भिंगारदिवे हे पुरं नाव फक्त रेशनकार्डावर. बाकी सगळ्यांना तो पेंटर. पाटी लिहिताना खडूची एक दोरी मारायचा, बस्स. पेन्सिल लावायचा नाही. 'श्र' काढताना बघायला शाळेची पोरं उभी राहायची.

पेंटर म्हटला की संध्याकाळी गुत्त्यात, असं लोकांनी धरलेलंच असतं. हिंदुराव दारूला शिवला नव्हता. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्याच्या बापानं घरातले देव ओढ्यात सोडले आणि त्याच दिवशी बाटली फोडली. हिंदुराव तेव्हा दहा वर्षांचा होता. बापाचे थरथरणारे हात पुढं दोन महिने त्यानं बघितले. तेवढ्यावर त्याला जन्माची अद्दल घडली होती. अंगाला टर्पेंटाइनचा वास मात्र कायम असायचा, त्याला इलाज नव्हता.

सत्याऐंशी साली त्याला साखर निघाली. तहान भागेना, पायावरचं गळू बरं होईना, म्हणून तो सरकारी दवाखान्यात गेला. तिथल्या कंपाउंडरनं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात त्याच्या लघवीचे थेंब टाकून उकळलं. निळं होतं ते आधी हिरवं झालं, मग पिवळं, मग विटकरी. कंपाउंडर म्हणाला, "पेंटर, लय साखर हाय तुमच्यात." हिंदुराव मात्र एका नळीत चार रंग कसे उतरले याचंच नवल करत घरी आला.

गोळ्या सुरू झाल्या. आठवण झाली की घ्यायचा, बरं वाटलं की बंद. चहात साखर नको म्हणून बायको, पारूबाई, कातावायची. पण ज्याची पाटी लिहायची तो चहा पाजणारच. दिवसाला आठ-दहा कप सहज व्हायचे. काही दुखत नव्हतं, काही खुपत नव्हतं. अशी सहा वर्षं गेली.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आठवडी बाजारात पारूबाईनं दोन लुगडी हातात धरली. "कुटलं घिऊ?" हिंदुरावानं बोट दाखवलं, "ही पांढरी घे." पारूबाई हसली. "आवं, पांढरी कुटली? पिवळी हाय की ही. फिकी पिवळी." हिंदुरावही हसला. उन्हानं डोळे दिपले असतील, म्हणाला.

मग तसं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. शाळेची भिंत आभाळी रंगवायची होती, ती मोरपंखी झाली. हेडमास्तर म्हणाले, "छान आहे, पण मी आभाळी म्हणालो होतो." दिवेलागणीला विहाराच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून जायच्या, पाय चाचपत उतरावं लागायचं. पांढऱ्या फळ्यावर मारलेली पिवळ्या खडूची रेघ त्याची त्यालाच सापडायची नाही. अक्षरं मात्र लख्ख दिसायची. समोरून येणाऱ्या एसटीची पाटी सगळ्यांच्या आधी तोच वाचायचा. त्यामुळं डोळ्यांत काही बिघाड असेल हे त्याच्या मनाला पटायचं नाही. आणि निळा रोज थोडा थोडा मरत होता, हेही त्याला कळत होतं. आभाळाकडं बघितलं की धुतलेल्या पत्र्याकडं बघितल्यासारखं वाटायचं. हे सांगायचं कुणाला? रंगाऱ्यानं रंग दिसत नाही म्हणावं, तर उद्या दारात येणार कोण? त्यानं डब्यांच्या झाकणांवर काळ्यानं नावं लिहून ठेवली आणि दिवस रेटले.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत पारूबाईनं त्याला ओढतच साताऱ्याला नेलं. डोळ्याचे डॉक्टर वयस्कर होते, तपासायचे मन लावून. त्यांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. हिंदुरावानं शेवटची बारकी ओळसुद्धा घडाघडा वाचली. मग डोळ्यांत औषध घालून तासभर बसवलं, अंधाऱ्या खोलीत नेलं आणि टॉर्च मारून बराच वेळ आत बघितलं.

"पडदा स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "साखरेनं पडद्यावरच्या रक्तवाहिन्या खराब होतात, त्यातून रक्त गळतं. तुमच्यात एक ठिपका नाही. नशीबवान आहात."

"पर डाक्टर, निळा दिसंना झालाय मला. पिवळा बी."

डॉक्टरांनी कपाटातून एक पुस्तक काढलं. पानापानावर रंगीत ठिपके आणि ठिपक्यांत लपलेले आकडे. "वाचा." हिंदुराव वाचत गेला. बारा, आठ, एकोणतीस. एकही चुकला नाही. ते सगळे तांबड्या-हिरव्याचे खेळ होते आणि तांबडं-हिरवं त्याला अजून उत्तम दिसत होतं. निळ्याचं पान त्या पुस्तकात नव्हतंच. पण हे हिंदुरावाला कुठलं माहीत असायला?

"रंगही बरोबर ओळखता," डॉक्टर म्हणाले. "वय झालं, कामाचा ताण असतो, होतं असं. गोळ्या वेळेवर घ्या." मग लिहिता लिहिता सहज विचारलं, "संध्याकाळी काही घेता का?"

"न्हाई."

डॉक्टर किंचित हसले आणि कागदावर इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्या. पारूबाईनं तो कागद घडी घालून ट्रंकेत, जन्माच्या दाखल्याशेजारी ठेवला. परतीच्या एसटीत ती दोनदा म्हणाली, "चला, डोळं तर चांगलं हायती." हिंदुराव खिडकीबाहेर बघत राहिला.

मार्चमध्ये जोतीराम आला. जोतीराम पंचायत समितीत कारकून, जयंती कमिटीचा अध्यक्ष आणि हिंदुरावाचा लहानपणापासूनचा सोबती. दोघांनी एकाच पाटीवर अक्षरं गिरवली होती. तरुणपणी दोघांनीच दारोदार फिरून विहारासाठी विटा गोळा केल्या होत्या.

"ह्या साली पंधरा फुटी कटआउट करायचं," जोतीराम म्हणाला. "प्लायवूडचं. चौकात उभं करायचं. साताऱ्यातनं पावनं येनार हायती."

"ह्या साली दुसऱ्या कुनाला तरी दे, जोत्या."

"का रं?"

"डोळ्याचं काय खरं न्हाई."

"डाक्टर काय म्हनाला?"

"चांगलं हायती म्हनाला."

"मग?" जोतीरामानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "लेका, बाबासायबांचा कोट आनी दुसऱ्याच्या हातचा? लोक मला भीमनगरात राहू देतील व्हय?"

हिंदुराव नाही म्हणू शकला नाही. खरं तर नाही म्हणावं असं त्याला आतून वाटतही नव्हतं. पंधरा फूट! आयुष्यात एवढं मोठं त्यानं काही केलं नव्हतं.

विहाराच्या मागं ताडपत्री बांधून त्यानं आठ दिवस काम केलं. चेहरा असा हुबेहूब उतरला की बघायला येणाऱ्या बायका हात जोडूनच उभ्या राहायच्या. चष्म्याच्या काचेवरची तिरीप, कपाळावरची आठी, हातातलं पुस्तक, कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. काळं, पांढरं, तपकिरी हे तिन्ही अजून त्याच्या हुकमात होते. कोट त्यानं शेवटाला ठेवला होता. तेरा एप्रिलच्या संध्याकाळी, जयंतीच्या आदल्या दिवशी, तो कोटाला बसला. ताडपत्रीखाली एक बल्ब टांगलेला होता.

थाळीत निळा ओतला. तो त्याला राखेसारखा, मेलेला दिसला. पांढरा घालून उजळावा म्हणून डबा उघडला, तर पांढरा तळाला गेलेला. शेजारी आणखी एक डबा होता. त्याच्या झाकणावरचं नाव ओघळांखाली बुजलं होतं. झाकण काढून त्यानं बल्बखाली धरलं. पांढराच होता. त्याला तरी पांढराच दिसला. शाळेच्या खिडक्यांना लावून उरलेला तो फिका लिंबू रंग होता. त्यानं धार सोडली, घोटलं. अजून थोडी सोडली. आणि थाळीतला रंग एकदम जिवंत झाल्यासारखा वाटला. कितीतरी महिन्यांनी काहीतरी उजळ, काहीतरी ताजं त्याच्या डोळ्यांना भेटत होतं. निळा परत आला, असंच त्याला वाटलं. आनंदानं त्याचा हात सरसर चालायला लागला. दोन तासांत कोट भरून झाला. ताडपत्री सोडून, कटआउटवर कापड टाकून तो घरी गेला आणि पोटभर जेवला.

कमिटीच्या पोरांनी पहाटेच्या अंधारात कटआउट कापडासकट चौकात नेऊन उभं केलं. सकाळी तिथं सगळं भीमनगर जमलं होतं. पोरांच्या डोक्याला निळ्या पट्ट्या, बायका पांढऱ्या लुगड्यांत. पाहुण्यांनी दोरी ओढली. कापड खाली आलं.

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. हिंदुराव बाजूला हात जोडून उभा होता. चित्राकडं बघून त्याचा ऊर भरून आला होता, त्यामुळं टाळ्या थांबल्याचं त्याला उशिरा कळलं. मागून एका म्हातारीचा आवाज आला, "आगं बया, हिरवा कोट!"

कोट हिरवा होता. उन्हात तर पार शेवाळासारखा हिरवा. हिंदुराव एकदा चित्राकडं आणि एकदा लोकांकडं बघत राहिला. काय झालंय ते त्याला दिसतच नव्हतं. सगळे एका बाजूला आणि त्याचे डोळे एका बाजूला.

जोतीराम जवळ आला. आवाज दाबून म्हणाला, "हिंदुराव, काय केलंस रं हे?"

"काय झालं?"

"काय झालं इचारतोस? किती पिला व्हतास राती?"

हिंदुराव त्याच्याकडं वळला. "जोत्या," तो म्हणाला, "मी? तू मला इचारतोस?"

मागची पोरं पुढं सरकली होती. "आजच्या दिशी बी न्हाई राहवलं व्हय पेंटर?" एकजण म्हणाला. "वास बगा की अंगाचा," दुसरा म्हणाला. तो टर्पेंटाइनचा वास होता. पण जोतीरामानंही नाक वळवलं.

"डोळं हायती खराब!" पारूबाई गर्दीतून ओरडली. "आमी डाक्टरला दावलंय. थांबा, कागद हाय." आणि ती अनवाणी पळत घरी गेली, ट्रंक उपसून कागद घेऊन आली. धापा टाकत तिनं तो जोतीरामाच्या हातात दिला. तिला इंग्रजी येत नव्हतं. कागदावर डॉक्टरांची सही आहे आणि आपण साताऱ्याला गेलो होतो, एवढ्यावरच तिचा भरवसा होता.

जोतीरामानं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा मराठीत सांगितला. "नजर चांगली. रंगांची वळख नॉर्मल. पडदा नॉर्मल." त्यानं मान वर केली. "वैनी, ह्यात तर डोळं ठनठनीत हायती असं लिवलंय."

कुणीतरी हसलं. पारूबाईनं कागद परत घेतला आणि पदराखाली धरला.

हिंदुरावानं एवढंच म्हटलं, "मी पिलो न्हाई." दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलेलं कुणी ऐकलंही नाही, कारण पोरं शिडी आणायला पळाली होती. दुकानातून डबा आणून त्यांनी कोटावर कच्चा निळा फासला. तो ओघळला. हातातल्या पुस्तकावर थेंब पडले. तसल्याच चित्रापुढून मिरवणूक निघाली.

हिंदुराव घरी भिंतीला टेकून बसून राहिला. दिवस कलताना पारूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. देताना वाकली आणि त्याच्या तोंडाजवळ क्षणभर थांबली. तिनं श्वास आत ओढला. हलकेच, चोरून. पण हिंदुरावाला ते कळलं. त्यानं तांब्या घेतला नाही. पारूबाईनं तो तसाच जमिनीवर ठेवला. त्याबद्दल दोघंही एक अक्षर बोलली नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही.

त्यानंतर कोट करून मागायला कुणी आलं नाही. विहारातल्या जुन्या चित्राखाली कोपऱ्यात त्याचं नाव होतं, त्यावर पोरांनी रंगाचा फटकारा मारला. कोण म्हणायचं पेंटर पितो, कोण म्हणायचं पेंटरनं मुद्दाम केलं, कुणाच्या तरी सांगण्यावरून. हिंदुराव गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवू लागला. काळ्यावर पांढरे आकडे. भाड्याच्या गाड्यांना पिवळी पाटी लागायची, ती कामं तो परत पाठवायचा. कधी कधी रात्री जाग आली की तो स्वतःलाच विचारायचा, डॉक्टर सांगतो डोळे चांगले, पुस्तक सांगतं रंग बरोबर, मग बिघडलंय काय? डोकं तर नाही ना बिघडलं?

तीन वर्षं अशी गेली. त्याची मुलगी दीपमाला सांगलीला नर्सिंग शिकत होती. नव्याण्णवच्या मे महिन्यात ती सुट्टीला आली. जेवताना हिंदुराव डाव्या डोळ्यासमोर हात हलवत होता, माशी हाकलावी तसा.

"आप्पा, काय करताय?"

"काळं सूत लोंबतंय. आठवडा झाला. जातच न्हाई."

दीपमालाचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरनं ती त्याला सांगलीला घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, फिरदोस मुल्ला नावाच्या. मूळच्या मिरजेच्या, मुंबईला शिकून आलेल्या. त्यांनी पडदा बघितला आणि म्हणाल्या, "आता रक्त गळायला लागलंय. लेझर करावं लागेल, दोन्ही डोळ्यांना." हिंदुरावानं मान हलवली. त्याला त्यात काही नवल वाटलं नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी काही त्रास जाणवला?"

हिंदुराव बोलायला लागला. पिवळं लुगडं, शाळेची भिंत, मेलेला निळा. जयंतीचं सांगितलं नाही. डॉक्टरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग एक लांबट डबी काढली. तिच्यात पंधरा रंगीत टिकल्या होत्या. "एकापुढं एक लावा. ज्याच्याशी ज्याचा रंग जुळतो, तशा."

हिंदुरावानं मन लावून लावल्या. शेवटची ठेवताना त्याला समाधान वाटलं. शेजारी उभ्या दीपमालानं तोंडावर हात घेतला. जांभळी टिकली पिवळट हिरव्याशेजारी बसली होती, आणि तसलंच आणखी चार-पाच ठिकाणी झालं होतं.

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "डोळ्याचा पडदा म्हणजे नुसता कापडासारखा पडदा नसतो. तो मेंदूचाच तुकडा आहे म्हणा ना. त्यात मज्जापेशींचे थर असतात. काही पेशी उजेड पकडतात, काही तो पुढं मेंदूकडं पोचवतात. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की या पेशी आजारी पडतात आणि काही मरतात. निळा पकडणाऱ्या मुळात फार थोड्या, त्यामुळं तिथलं नुकसान आधी कळतं."

"मग साताऱ्याच्या डाक्टरला ते दिसलं कसं न्हाई?"

"टॉर्च मारून आम्हाला रक्तवाहिन्या दिसतात. त्या गळायला लागल्या की आम्ही म्हणतो, साखर डोळ्यात उतरली. पेशी दिसतच नाहीत, त्या काचेसारख्या असतात. आजवर आम्ही शिकलो ते हेच, की आधी रक्तवाहिन्या बिघडतात. आता आता लिहून यायला लागलंय की पेशींचं मरण त्याच्याही आधी सुरू होत असावं. अजून सगळं नीट कळलेलं नाही."

हिंदुरावानं पिशवीतून जुना कागद काढला. घड्यांवर फाटलेला. डॉक्टरांनी तो उलगडून वाचला. बराच वेळ त्यांची नजर तारखेवर होती.

"यात त्यांनी चूक काही लिहिलेलं नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "त्यांना जे दिसलं ते लिहिलंय. ठिपक्यांच्या त्या पुस्तकात निळं-पिवळं तपासता येत नाही."

"निळा परत येईल?"

"नाही, काका. मेलेली पेशी परत येत नाही. लेझरनं आहे ती नजर टिकेल. रंग कदाचित आणखी थोडे फिके होतील."

हिंदुराव खुर्चीत पुढं सरकला. "मग एक करा. कागदावर लिवून द्या की शहाण्णव साली माझं डोळं खराब व्हतं."

"मी तुम्हाला तेव्हा तपासलं नव्हतं ना. आज दिसतंय तेच मला लिहिता येईल."

"म्हंजे तवाचा कागद बी खरा आनी आजचा बी खरा," हिंदुराव म्हणाला. "खोटा मीच."

डॉक्टरांनी मराठीतच लिहायला घेतलं. मधुमेहामुळं निळा-पिवळा ओळखण्यात दोष. आणि खाली एक ओळ जास्तीची, हा दोष अनेक वर्षांपासून असण्याची शक्यता आहे. सही केली, शिक्का मारला.

कोरेगावला उतरल्यावर हिंदुराव घरी न जाता थेट जोतीरामाच्या ओसरीवर गेला. दीपमाला सोबत होती. जोतीरामानं बसायला सांगितलं, चहा आणायला सांगितला. हिंदुरावानं चहा नको म्हटलं आणि कागद पुढं केला.

जोतीरामानं चष्मा लावून वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "शक्यता," तो म्हणाला. मग कागदाची घडी घातली. "जाऊ दे, गड्या. कवाची गोष्ट ती. आमी तुला कवाच माफ केलंय. कुनाच्या मनात काय न्हाई आता."

"माफ? कशापायी?"

"आता ते कशाला उकरायचं?"

"मी पिलो न्हवतो. एवढं म्हन, जोत्या."

"म्हनलं की माफ केलं."

"माफी नगं मला. परवा पुनव हाय. वंदनेला सगळी येत्यात. तितं हा कागद वाच. तो वाचला व्हतास न्हवं मोठ्यानं, तसा हा बी वाच."

जोतीराम चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागला. शेवटी म्हणाला, "लोक काय म्हनतील? जोतीरामनं तवा कागद चुकीचा वाचला. चार मानसांत माझी काय राहील?"

"चुकीचा कुटं वाचलास?" हिंदुराव उठला. "बरूबर वाचलास. कागद बरूबर, तू बरूबर. तुजा माज्यावर भरवसा न्हवता, तेवढंच चुकलं."

जोतीरामानं कागद परत दिला नाही आणि हिंदुरावानं मागितला नाही. दीपमालानंच तो त्याच्या हातातून काढून घेतला.

घरी आल्यावर दीपमालानं आईला सगळं सांगितलं. पेशी, निळा, टिकल्या. पारूबाई चुलीपुढं बसून ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं पदर तोंडाला लावला. लेक आत गेल्यावर ती नवऱ्याजवळ येऊन बसली.

"आवं, त्या दिशी मी..."

"भाकरी कर," हिंदुराव म्हणाला. "भूक लागलीय."

तिनं उठून परात घेतली. तीस वर्षं तिनं त्याच्यासाठी काय काय सोसलं होतं ते त्याला माहीत होतं. त्या एका श्वासाबद्दल तिला दोन शब्द सांगून मोकळं करावं, एवढं त्याला जमायला हवं होतं. जमलं नाही. ती भाकरी थापत राहिली आणि तो त्या आवाजाकडं कान देऊन बसला.

जून-जुलैत सांगलीला चार खेपा झाल्या. लेझरच्या दर खेपेला डोळ्यात हिरवट उजेडाच्या ठिणग्या उडायच्या आणि नंतर दिवसभर सगळं धुरकट असायचं. रक्त गळायचं थांबलं. चालता येईल, भाकरी-कालवण दिसेल, माणूस ओळखू येईल एवढी नजर राहिली. नंबरप्लेटांचं काम मात्र त्यातच सुटलं. आठ आणि तीन त्याला वेगळे दिसेनात. स्टेशन रोडची खोली त्यानं सोडली, ब्रश एका पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. त्याआधीच ती पौर्णिमा येऊन गेली होती. जोतीराम कागद मागायला आला नव्हता आणि वंदनेला विहारात त्यावर काही बोललाही नव्हता. हिंदुराव गेला नव्हता. पारूबाई गेली होती, तिनं येऊन काही सांगितलं नाही, त्यावरूनच त्याला कळलं.

शेवटच्या तपासणीला जाताना तो आणि दीपमाला कोरेगाव स्टेशनवर गाडीची वाट बघत होते. जवळच पानाच्या टपरीवर दोघं उभे होते, एक गावातला, एक बाहेरचा. गावातल्यानं हनुवटीनं हिंदुरावाकडं दाखवलं.

"ह्यो बगा. एके काळी आख्ख्या जिल्ह्यात असा पेंटर न्हवता. काय हात व्हता! दारूनं डोळं घालवलं बगा बिचाऱ्यानं."

"आरारा," बाहेरचा म्हणाला.

दीपमाला ताडकन वळली. पर्समध्ये कागद होता, त्याच्याकडं तिचा हात गेला. हिंदुरावानं तिचं मनगट धरलं. त्याचं तोंड दुसरीकडंच होतं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "कितीजनांना वाचून दावशील?"

गाडी आली. पायरी दिसेना म्हणून त्यानं पाय चाचपत वर टाकला, आणि दीपमालानं मागून आधार दिला.